वीस खान्यांच्या काकू

त्या वृत्तपत्राच्या कार्यालयात तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला एक खिडकी होती. काचेला अर्धगोल भोक, भोकाखाली लाकडी फळी, आणि लोकांनी सत्तावीस वर्षं कोपरं टेकून टेकून त्या फळीला पाडलेले दोन गुळगुळीत खळगे. खिडकीच्या आत काकू बसत. छोट्या जाहिराती घेणं हे त्यांचं काम. हरवले, सापडले, भाड्याने देणे, विकणे आहे, नावात बदल, दुःखद निधन. गावातल्या माणसांच्या आयुष्यात जे काही होतं ते ह्या सहा मथळ्यांत बसतं, असं काकूंचं मत झालं होतं.

छोट्या जाहिरातीचा एक छापील फॉर्म असे. त्यावर वीस खाने. एका खान्यात एक शब्द. एकविसावा शब्द आला की जाहिरात छोटी राहत नसे, म्हणून कोणी एकविसाव्यापर्यंत जात नसे. पण माणसं घरून लिहून आणत ती पानभर. मग काकू आपली लाल-निळी पेन्सिल काढत. निळ्या टोकाने ठेवायच्या शब्दांखाली रेघ, लाल टोकाने बाकीच्यांवर काट. ‘आमचा अत्यंत लाडका, घरच्या माणसासारखा, कधीही कोणाला त्रास न दिलेला कुत्रा’ आत येई आणि ‘तपकिरी कुत्रा, डावा कान फाटलेला, हरवला, चावत नाही’ होऊन बाहेर पडे. निधनाच्या जाहिरातीत काकू सर्वांत आधी ‘मनमिळाऊ’ कापत. सत्तावीस वर्षांत गेलेला प्रत्येक माणूस मनमिळाऊ होता आणि तो शब्द कापल्याबद्दल आजवर एकाही नातेवाइकाने तक्रार केली नव्हती.

मग लोक घरबसल्या फोनवरून जाहिराती देऊ लागले. फोनला काकू नव्हत्या, त्यामुळे कुत्रे पुन्हा घरच्या माणसांसारखे झाले, आणि खिडकीपुढची रांग आधी अर्धी, मग पाव, मग एक म्हातारे गृहस्थ एवढी उरली. तेही बहुधा वेळ विचारायला येत.

एक दिवस वरून बोलावणं आलं. वर म्हणजे पहिला मजला. तिथे बातमीची माणसं बसत. वृत्तसंपादकांना सगळे साहेब म्हणत. साहेबांनी काकूंना बसायला सांगितलं, म्हणजे बातमी चांगली नसणार हे काकूंनी ओळखलं.

“काकू, वर्षअखेर खिडकी बंद करतोय,” साहेब म्हणाले. “तुमची सहा वर्षं राहिलीत ना अजून? एक काम करा. संध्याकाळचा पत्रकारितेचा कोर्स असतो, आठ महिन्यांचा. तो करा, पास व्हा. मग इथे वर एखादी खुर्ची बघू. नाहीतर…”

‘नाहीतर’च्या पुढचं साहेबांनी स्वतःच कापलं होतं. ते किती शब्दांचं होतं हे काकूंना बरोबर कळलं.

घरी त्यांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा काका आरामखुर्चीत बसले होते. काकूंचे यजमान मोटार शिकवण्याच्या शाळेत शिकवत. आयुष्यभर दुसऱ्याच्या हातात चाक देऊन शेजारी बसल्यामुळे त्यांचा उजवा पाय घरी बसल्याबसल्याही ब्रेक दाबायचा. कोणी जोरात बोललं, दूध उतू गेलं, दारावरची बेल वाजली, की पाय फरशीवर दाबला जायचा.

“वयाच्या बावन्नाव्या वर्षी शाळा?” काकांचा पाय दाबला गेला. “अगं, जरा बेताने.”

“तुमच्याकडे सत्तर वर्षांचे आजोबा गाडी शिकायला येतात ना?”

“येतात. पण माझ्या बाजूलाही ब्रेक असतो.”

वर्गात सगळी मुलं विशीतली. काकू पहिल्या बाकावर बसल्या, कारण मागच्या बाकावरून फळा नीट दिसत नव्हता. त्यांच्या शेजारी एक मुलगी बसे. ती रोज दहा मिनिटं उशिरा धापा टाकत यायची आणि दारातूनच काहीतरी ताजं सांगायची, म्हणून वर्गाने तिचं नाव ‘ब्रेकिंग’ ठेवलं होतं. शिकवणारे सर काकूंच्या पुतण्याच्या वयाचे. ह्याच वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत त्यांचं सदर येई. ते काकूंना ‘काकू’ म्हणत आणि काकू त्यांना ‘सर’ म्हणत, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिल्याच आठवड्यात सरांनी सहा ककार शिकवले. कोण, काय, कुठे, कधी, का, कसे. बातमीत ही सहा उत्तरं हवीतच. दुसऱ्या आठवड्यात उलटा पिरॅमिड. सगळ्यांत महत्त्वाचं सगळ्यांत वर, कमी महत्त्वाचं खाली. “बातमी अशी लिहायची,” सर म्हणाले, “की जागा कमी पडली म्हणून कोणी डोळे मिटून खालून कापली तरी काही बिघडू नये.” तिसऱ्या आठवड्यात खात्री. कोणतीही गोष्ट निदान दोघांकडून पडताळल्याशिवाय लिहायची नाही.

काकूंना हे सगळं इतकं पटलं, की त्यांनी ते घरी लागू केलं.

“आज काय झालं माहितीये?” काका चपला काढत म्हणाले. “सकाळी मी निघालो. म्हणजे निघणार तेवढ्यात किल्ली सापडेना…”

“अहो, आधी बातमी सांगा.”

“तीच सांगतोय. तर किल्ली सापडली, खिशातच होती. मग त्या बँकेतल्या बाई आल्या, त्या आज पहिल्यांदाच तिसऱ्या गिअरमध्ये…”

“कोण कोणाला धडकलं?”

काका जरा दुखावले. “आपली गाडी. खांबाला.”

“लागलं का कोणाला?”

“नाही.”

“बस, झाली बातमी. आता किल्लीचं सांगा.”

पण तोवर काकांना किल्लीचं सांगायची इच्छा उरली नव्हती. जेवताना ते नुसते जेवले. असं तीनचार दिवस झालं तेव्हा घर फार शांत वाटू लागलं, आणि काकूंच्या लक्षात आलं, की बातमीत जे खाली ढकलायचं असतं त्यावरच आपला इतकी वर्षं संसार चालला होता. हा विचार त्यांनी वहीत लिहिला नाही. परीक्षेत येण्यासारखा नव्हता.

वर्गात मात्र त्यांचं नाव झालं. सर फळ्यावर दीडशे शब्दांची बातमी लिहीत आणि म्हणत, “ही साठ शब्दांत आणा.” मुलं पेनं चावत बसत. काकू चाळीस शब्दांत आणून खिडकीबाहेर बघत बसत. सरांनी एकदा त्यांचा कागद वर्गाला वाचून दाखवला. “बघा. एक शब्द काढून दाखवा ह्यातला.” कोणाला काढता आला नाही. काकूंना आला असता, पण त्या बोलल्या नाहीत.

घोडं अडलं ते चौथ्या महिन्यात. बातमी संपली आणि मोठं लेखन सुरू झालं. काकूंनी पहिला लेख दिला तो सत्तर शब्दांचा. दुसरा, बराच जोर लावून, पंचाण्णव शब्दांचा. दोन्हींवर भोपळा मिळाला.

“काकू, नियमच आहे कोर्सचा,” सर अवघडून म्हणाले. “किमान आठशे. सातशेपर्यंत मी डोळेझाक करीन. पंचाण्णवला कशी करू?”

“पण सर, सांगायचं ते सांगून झालंय.”

“हो. ते झालंय खरं.” सरांनी कागद उलटून पाहिला, मागे काही आहे का म्हणून. “आता शेवटचा लेख राहिला. व्यक्तिचित्र. आपल्या गावातला एक साधा माणूस, आठशे शब्द. ह्याच्यात गेलात तर…”

सरांनीही पुढचं कापलं. काकूंना वाटलं, आपल्या भोवतीची सगळी माणसं नको तिथे थोडक्यात बोलायला शिकली आहेत.

साधा माणूस कोण घ्यायचा? ब्रेकिंगने एका गिर्यारोहकाला गाठलं होतं. दुसऱ्या एकाने साप पकडणाऱ्याला. “काकू, तुमचं कोण?” ब्रेकिंगने विचारलं. काकू म्हणाल्या, “आहेत एक बाई.” ते तोंडातून निघून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण ठरवून टाकलंय.

काकूंच्या ड्रॉवरमध्ये, सगळ्यात खाली, अठरा वर्षांपूर्वीचा एक फॉर्म होता. खरं तर जुने फॉर्म वर्षअखेरीस रद्दीत जात. हा काकूंनी जाऊ दिला नव्हता.

त्या दिवशी खिडकी बंद व्हायला पाच मिनिटं होती आणि रांगेत अजून सात माणसं. एक बाई आल्या. बोटाला शिवणकामाचं टोपण तसंच राहिलेलं. मुलगा एकोणीस वर्षांचा, वडिलांशी भांडून घरातून गेलेला, तिसरा दिवस. त्यांनी कागद पुढे केला. ‘बाळा, जिथे असशील तिथून घरी ये. तुझी खोली तशीच ठेवली आहे. सायकलही दुरुस्त करून आणली आहे. बाबा रागावणार नाहीत. आई वाट पाहते आहे.’ काकूंनी मोजले. तेवीस. तीन जास्त. मागून कोणीतरी खाकरलं. आई बोलावते आहे म्हणजे कोणी रागावणार नाही हे आलंच, असा विचार करून काकूंनी ‘बाबा रागावणार नाहीत’वर लाल काट मारली आणि फॉर्म फिरवून विचारलं, “चालेल?”

बाईंनी फॉर्मकडे बराच वेळ पाहिलं. म्हणजे त्या गर्दीत जेवढा बराच शक्य होता तेवढा. मग म्हणाल्या, “चालेल.”

घरी जाताना काकू अर्ध्या रस्त्यात थांबल्या. ‘जिथे असशील तिथून’. हे तीन शब्द होते ना कापायला! माणूस जिथे असेल तिथूनच येणार, दुसरीकडून कुठून येणार? घाबरून बसलेल्या पोराला जे तीन शब्द वाचायला हवे होते नेमके तेच आपण कापले. सकाळी त्या पळत कार्यालयात पोचल्या तेव्हा अंक विकून झाला होता. मुलगा आला की नाही हे त्यांना पुढे कधीच कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. नंतर खिडकीत कोणाचाही शब्द कापताना, कुत्र्याचा असो की माणसाचा, ते तीन शब्द त्यांच्या पेन्सिलीच्या टोकाशी येऊन उभे राहायचे.

फॉर्मच्या खाली पत्ता होता. काकू वही घेऊन निघाल्या. काका सोबत यायला तयार होते. “नको,” काकू म्हणाल्या, “तुम्ही सगळीकडे ब्रेक दाबाल.”

घर सापडलं. दुसरा मजला, दारावर ‘शिलाई करून मिळेल’ अशी पाटी. दार उघडं. आत मशीनवर त्याच बाई, केस पांढरे झालेल्या. बाल्कनीत एक आजोबा पाय सोडून बसलेले.

काकूंनी स्वतःची ओळख सांगितली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“खिडकीतल्या? लाल पेन्सिलवाल्या?”

“हो.”

“या ना, बसा. चहा टाकते.”

काकू बसल्या नाहीत. सरांनी सांगितलं होतं, मुलाखतीला आधी इकडचंतिकडचं बोलावं, समोरच्याला मोकळं करावं, अवघड प्रश्न शेवटी. काकूंनी सहा ककारांची सगळी उतरंड बाजूला ठेवली आणि उभ्याउभ्याच विचारलं, “आला का हो तुमचा मुलगा?”

“कोण, हा?” बाईंनी मानेने आतल्या खोलीकडे खूण केली. “अरे, बाहेर ये. तुला कापणाऱ्या बाई आल्यात.”

आतून चाळिशीला टेकलेला एक गृहस्थ हात पुसत आला. कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि आत्ता तो आईच्याच यंत्राशी झटापट करत होता. काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने आपल्या सदऱ्याला काही लागलंय का ते तपासलं.

काकू मग बसल्या. बसल्या आणि सगळं बोलून मोकळ्या झाल्या. पाच मिनिटं, सात माणसं, ‘जिथे असशील तिथून’, अठरा वर्षं. मुलाखत घ्यायला आलेल्या माणसाने इतकं बोलायचं नसतं, पण सर बघत नव्हते.

बाई मशीनच्या चाकावर हात ठेवून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “अहो, मला तर सुटल्यासारखं झालं होतं.”

“म्हणजे?”

“‘बाबा रागावणार नाहीत’ हे मी यांना न विचारताच लिहिलं होतं. येताना रस्ताभर मनात तेच. हे खोटं आहे, छापून आलं आणि यांनी वाचलं तर काय? आणि तुम्ही नेमकं तेवढंच उडवलंत. मला वाटलं, ह्या बाईला कळलं.”

“मग ते रागावले नाहीत?”

“रागावले नाहीत?” बाई हसायलाच लागल्या. “खालच्या मजल्यावरची माणसं वर आली बघायला. तासभर चालू होतं. मग दमले आणि सायकलची घंटी बसवायची राहिली होती ती बसवत बसले.”

“पण तू आलास कसा?” काकूंनी मुलाला विचारलं. “जाहिरात वाचलीस?”

“मावशीकडे होतो. ती रोज डाळ-तांदूळ निवडायला बसवायची. चौथ्या दिवशी तिने पेपर पुढ्यात टाकला. म्हणाली, वाच.” तो भिंतीला टेकून उभा राहिला. “मी वाचलं. त्यात आई होती, खोली होती, सायकल होती. बाबांचं नावच नाही. म्हटलं, म्हणजे बाबा पेटलेत. म्हणजे हे खरं आहे.”

“खरं?”

“आता बघा ना, काकू. बाबा रागावणार नाहीत असं त्यात असतं, तर मी म्हटलं असतं, थापा आहेत. बाबा आणि रागावणार नाहीत? मग खोलीचंही खोटं वाटलं असतं आणि सायकलचंही. मी काही आलो नसतो. निदान त्या दिवशी तरी.”

काकूंनी हे वहीत लिहिलं. मग त्यांना तिसरा आठवडा आठवला. खात्री. आईकडून झाली, मुलाकडून झाली, पण ज्याच्याबद्दल हे सगळं आहे त्याला विचारायला हवं. त्या उठून बाल्कनीत गेल्या.

“आजोबा,” त्या जरा मोठ्याने म्हणाल्या, “हा घरातून गेला होता तेव्हा तुम्ही रागावला होतात?”

आजोबांनी मान न वळवता सांगितलं, “अजून आहे.”

दोन दिवसांनी काकूंनी लेख सरांना दाखवला. एकशे बारा शब्द. सरांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि डोक्याला हात लावला.

“काकू, हे फार चांगलं आहे. आणि हे मी नापास करणार आहे.”

“बाकीचे सातशे कशाला हवेत, सर? एवढं तरी सांगा मला.”

सर तरुण होते, आणि असं कोणी त्यांना विचारलं नव्हतं. “ह्यात मला काय झालं ते कळलं,” ते सावकाश म्हणाले. “पण मी तिथे बसलो नाही. तुम्ही बसलात ना? चहा प्यायलात? कप कसला होता?”

“कान तुटलेला. मी तो नको म्हणाले तर बाई म्हणाल्या, पाहुण्यांना हाच देते, मला दुसरा हवा असतो.”

“मग हे कुठंय?” सर जवळजवळ ओरडले.

“कापलं.”

“लिहायच्या आधीच?”

काकूंनी विचार केला. खरंच होतं ते. बाकीचे लिहून मग कापत. काकूंचं कापून मग लिहिणं होतं. घरी येऊन त्यांनी काकांना समोर बसवलं. “त्या दिवशी तो खांब कसा आला ते सांगा,” त्या म्हणाल्या. “अगदी पहिल्यापासून. किल्लीपासून.” काकांनी आधी संशयाने पाहिलं. मग सांगायला लागले. किल्ली, बँकेतल्या बाई, त्यांनी गाडीत बसताना देवाला करावा तसा आरशाला केलेला नमस्कार, तिसरा गिअर, खांब, खांबावरून उडालेला आणि काही सुचेना म्हणून पुन्हा तिथेच येऊन बसलेला कावळा. चाळीस मिनिटं चाललं. काकूंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. त्यांना कळलं, की खांबाचं त्यांना केव्हाच माहीत होतं आणि कावळ्याचं आज कळलं.

त्यानंतर लेख आठशे अकरा शब्दांचा झाला. त्यात तुटक्या कानाचा कप होता, बोटातलं टोपण होतं, मशीनचं चाक होतं, डाळ-तांदूळ होते, आणि अगदी शेवटी बाल्कनीतले आजोबा. सरांनी गुण दिले आणि खाली फक्त ‘बसलो’ एवढं लिहिलं. काकूंना तो शेरा फार आवडला. एकच शब्द होता.

सरांनीच तो लेख साहेबांकडे पाठवला. साहेबांनी वाचून सांगितलं, रविवारी घेऊ, नावासकट. काकांनी मोटार शाळेत सगळ्यांना सांगितलं. शिकाऊ मंडळींपैकी दोघं त्या ऐकण्यात सिग्नल चुकवून गेली.

शुक्रवारी दुपारी काकू खिडकीत बसून नेहमीच्या म्हाताऱ्या गृहस्थांना वेळ सांगत होत्या, तेवढ्यात वरून पानाची कच्ची छपाई आली. अर्ध्या पानाची मोठी जाहिरात ऐन वेळी आली होती. म्हणजे जाहिरातीनेच घात केला होता, आणि काकूंना तक्रार करायलाही तोंड नव्हतं. लेखाला जागा उरली होती तीनशे शब्दांची. साहेबांनी सवयीप्रमाणे डोळे मिटून खालून कापलं होतं. वर कप शिल्लक होता, टोपण शिल्लक होतं. मुलगा गेला होता. आजोबा गेले होते. अठरा वर्षांनी पुन्हा ‘बाबा’च कापले गेले होते.

काकू पेन्सिल घेऊन जिना चढल्या. सत्तावीस वर्षांत न बोलावता पहिल्यांदाच.

“साहेब, हे असं नाही कापायचं.”

“काकू, जागा नाही. मी काय करू? तुमच्यावर राग नाही माझा.”

“जागा नाही हे दिसतंय. मी कुठे जागा मागतेय?” त्यांनी पूर्ण लेखाची प्रत साहेबांच्या टेबलावर पसरली. “बातमी खालून कापतात. हे खालून उभं आहे.”

आणि त्या उभ्याउभ्या कापायला लागल्या. तुटक्या कानाचा कप, ज्याच्यावर त्यांनी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या, तो आधी गेला. मग डाळ-तांदूळ. मग मशीनचं चाक. लाल टोक सरसर चाललं होतं आणि साहेब नुसते बघत होते. दहा मिनिटांत तीनशे शब्द उरले, आणि आजोबा बाल्कनीत जागच्या जागी होते. संगणकावर बसवून पाहिलं तर एक ओळ बाहेर लोंबत होती. काकूंनी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. मजकुरात काढण्यासारखं काही नव्हतं. मग त्यांनी मथळ्याखालच्या स्वतःच्या नावावर काट मारली. लेख बसला.

साहेबांनी पान उचललं, वाचलं, खाली ठेवलं. “मी तुम्हाला लिहायला शिकायला पाठवलं होतं,” ते म्हणाले.

“शिकले ना.”

“हो. आणि आता मी तुम्हाला कापायला बसवणार आहे.” त्यांनी कोपऱ्यातल्या, फायलींनी भरलेल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. “उद्यापासून वर बसा. त्या फायली कुठेतरी ठेवा.”

शनिवारी काकू वर बसल्या. टेबलावर पहिला कागद आला तो सरांच्या सदराचा. विषय होता, थोडक्यात कसे लिहावे. चौदाशे शब्द. काकूंनी सरांचा मान राखून निळ्या टोकाने सुरुवात केली, पण ते फार वेळ टिकलं नाही.

रविवारी सकाळी काका अंकाच्या पाच प्रती घेऊन आले. पुरवणी टेबलावर पसरली. लेखाच्या वर पाहिलं, खाली पाहिलं, पान उलटून मागे पाहिलं. उजवा पाय फरशीवर दाबला गेला.

“अगं, नाव कुठंय?”

“बसत नव्हतं.”

“साहेबांनी कापलं?”

“मी.”

काकांनी काकूंच्या पर्समधून लाल-निळी पेन्सिल काढली, एक प्रत घेऊन खुर्चीत बसले, आणि लेखाखालच्या कोऱ्या पट्टीत बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. मग ती प्रत काकूंपुढे सरकवली. “ही मी शाळेत लावणार. आणि मोजूनच लिहिलंय हं. वीस.”

काकूंनी वाचलं. ‘वरील लेख माझ्या पत्नीने लिहिला आहे. जागेअभावी तिचे नाव राहिले. ती हुशार, कष्टाळू आणि मनमिळाऊ आहे. सत्तावीस वर्षे खिडकी सांभाळली.’

त्यांनी मोजलं. वीसच होते. पेन्सिलीचं लाल टोक त्यांनी ‘आणि मनमिळाऊ’वरून फिरवलं.

“अगं, ते का?”

“ते गेलेल्यांना लागतं.” मग त्यांनी पुन्हा वरून वाचलं. “आणि अहो, ह्यातही माझं नाव नाही.”

काकांनी प्रत आपल्याकडे ओढून दोनदा वाचली. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला ‘अगं’शिवाय हाक मारली नव्हती, त्यामुळे ते राहून गेलंय हे त्यांच्या खरंच ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. “मग आता बसेल की,” ते म्हणाले. “दोन शब्द रिकामे झालेत ना आत्ताच?”

नाव आणि आडनाव, दोनच शब्द होते. काकूंनी निळ्या टोकाने ते लिहिले. काकांनी नाव लिहायला दुसरी प्रत पुढे सरकवली.